एक वीत बाहेर

माझी आत्या चेंडू फेकते आणि त्याचा तिला पगार मिळतो. नववीत दिवाळीच्या सुट्टीनंतर मी हे वाक्य वर्गात पहिल्यांदा बोलले, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "माझी मावशी भांडी फेकते, तिला का मिळत नाही गं?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला आणि मी मुकाट्याने खाली बसले. आता कुणी असं बोललं तर मी बसत नाही. उलट त्याला समोर बसवून सगळं सांगते, मधली सुट्टी संपली तरी सोडत नाही.

आत्याचं नाव सोनम. पप्पांची सगळ्यात धाकटी बहीण. वय एकवीस, उंची पाच फूट नऊ इंच, आणि उजवा हात असा की त्यातून सुटलेला चेंडू दिसायच्या आधी ऐकू येतो. ती बेसबॉलची पिचर आहे. बेसबॉल माहीत नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: पिचर म्हणजे मधल्या उंचवट्यावरून चेंडू फेकणारी. टप्पा पडू द्यायचा नसतो. समोर बॅट घेऊन बॅटर, तिच्या मागे मोठा ग्लोव्ह घालून बसलेली कॅचर. चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला आणि बॅटरला मारता आला नाही की स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट. आणि चौकटीबाहेर चार चेंडू टाकले तर बॅटर फुकटात पहिल्या बेसवर. तिन्ही बेस ओलांडून ती परत बॅटिंगच्या जागी पोचली की एक धाव. मी कॅचर आहे, शाळेच्या संघाची. ते मधे मधे येईलच.

आमचं मूळ गाव सांगोल्याच्या पलीकडे, माळावरचं. आज्जा, म्हणजे धुळाप्पा, अजून मेंढरं राखतात. पप्पा सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात लागले म्हणून आम्ही इथले झालो. आत्या सातवीपर्यंत गावातच होती आणि शाळा सुटली की मेंढरांमागे. पुढच्या शिक्षणासाठी आज्जांनी तिला आमच्याकडे पाठवलं, तेव्हा मी दुसरीत होते. आठवीचा तिचा पहिला आठवडा. शाळेच्या मैदानावर मुलींचा बेसबॉलचा सराव चालला होता आणि पडक्या भिंतीतून कुणाच्या तरी दहा-बारा शेळ्या आत शिरल्या. पोरी "हॅट हॅट" करत पळत सुटल्या, शेळ्या आणखीनच पसरल्या. आत्या दप्तर ठेवून उठली. तिने चार खडे उचलले आणि उभ्या जागेवरून एकेक फेकला. प्रत्येक खडा एकेका शेळीच्या नाकापुढे एक वीतभर अंतरावर पडला. शेळी दचकायची, वळायची, भिंतीकडे चालू लागायची. पुढच्या चार वळल्या तशा बाकीच्याही त्यांच्यामागे निघून गेल्या.

आमचे खेळाचे मृत्युंजय सर शिट्टी तोंडातच धरून बघत राहिले.

"यप्पा! एक पण लागला नाही?"

"लागून कसं चालंल सर?" आत्या म्हणाली. "लागला आन् पाय मोडला तर मलाच उचलून न्यावी लागंल की."

सरांना वाटलं पोरगी विनोद करतेय. ती विनोद करत नव्हती. पण ते पुढे येईल.

सरांनी तिला त्याच दिवशी संघात घेतलं आणि महिनाभर डोक्याला हात लावून बसले. वेग असा की कॅचरचा तळहात लाल, पण एकही चेंडू चौकटीत नाही. सगळे बाहेर. कुठेही उडणारे नव्हेत हं, सगळे एकाच जागी: बॅटरपासून दूर, चौकटीच्या एक वीत बाहेर. सर ओरडायचे, "अगं, ग्लोव्हमध्ये टाक की!" ती म्हणायची, "टाकते की!" आणि परत एक वीत बाहेर. शेवटी सरांनीच एकदा विचारलं, "फेकताना तू बघतेस कुठं?"

"बॅटरकडं."

"आणि दगड फेकताना?"

"मेंढीकडं. मेंढीकडं बघायचं आन् मेंढीम्होरं टाकायचा. लहानपनापासनं तसंच हाय."

सर हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बॅटर विसर. ती मेंढी नाहीच. चेंडू म्हणजे तुझं कोकरू. संध्याकाळी कोकरं जाळीत कोंडता ना? कॅचरचा ग्लोव्ह म्हणजे ती जाळी. कोकरू आत गेलं पाहिजे, बस्स."

दुसऱ्या दिवशी तिने ओळीने नऊ स्ट्राइक टाकले. मी भिंतीवर बसून हे बघितलंय. खोटं वाटत असेल तर सरांना विचारा, ते माझ्यापेक्षा जास्त वाढवून सांगतात.

मग शालेय जिल्हा, विभाग, राज्य. मग विद्यापीठ. दोनदा राष्ट्रीय स्पर्धा. आत्या गावी गेली की लोक विचारायचे, "अजून त्योच चेंडूचा खेळ चाललाय व्हय?" ती म्हणायची, "व्हय, त्योच." वाद घालत बसायची नाही. सकाळी कॉलेजच्या आधी दीडशे चेंडू, संध्याकाळी पळणं, रविवारी पप्पांच्या कारखान्यातून आणलेल्या जुन्या टॉवेलला गाठ मारून तो झटकत खांद्याचा व्यायाम. गच्चीवर फट् फट् आवाज आला की खालच्या सावित्रम्मा वर बघून म्हणायच्या, "आमचे कपडे पण धू गं एवढ्यात!"

आणि मागच्या वर्षी पुण्यात ती लीग सुरू झाली. बायकांची, पगार देऊन खेळवणारी. चार संघ, चार नद्यांची नावं: भीमा, नीरा, मुळा, सीना. निवडीला दोनशे मुली आल्या होत्या. आत्याला सीनाने घेतलं, वर्षभराच्या करारावर. आमच्या ओळखीत बेसबॉल खेळून पगार घेणारं माणूस तोवर कुणी पाहिलंच नव्हतं. पहिल्या पगारातून तिने आज्जांना वहाणा घेतल्या आणि मला कॅचरचा मुखवटा. जाळीचा, हनुवटीला गादी असलेला. त्याआधी मी शाळेत राखीव खेळाडू होते, म्हणजे पाण्याच्या बाटल्या उचलणारी. मुखवटा घातला आणि मला कळलं की त्याच्या आतून मी कितीही जोरात ओरडू शकते. अख्खा संघ कॅचरचं ऐकतो, माहितेय का तुम्हाला? मैदान पूर्ण दिसतं तिला एकटीलाच.

जानेवारी-फेब्रुवारीत आत्याने जे काही केलं त्याला तोड नाही. चार सामने, चारही जिंकले. फोनवर बघताना पप्पा ताटातली भाकरी विसरायचे. मग मार्चमध्ये नीराबरोबरचा सामना आला.

नीराकडे वैष्णवी नावाची बॅटर आहे. श्रीपूरची, वडील साखर कारखान्यात. ही वैष्णवी चौकटीला इतकी चिकटून उभी राहते की जणू दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत पुढे घुसायचंय. असं कुणी चिकटलं की पिचरला तिच्या अंगालगत, आतला चेंडू टाकावाच लागतो, नाहीतर ती बाहेरचे सगळे चेंडू आरामात झोडपते. आत्याने आतला टाकला. वैष्णवी त्याच क्षणी पुढे झुकली. चेंडू मनगटावर बसला. फोनवरसुद्धा तो आवाज आला.

हाड मोडलं.

खेळात हे होतं. पंचांनी तसं सांगितलं, नीराच्या पोरींनीही सांगितलं. पण पुढच्या बॅटरला आत्याचे चार चेंडू गेले बाहेर. त्याच्या पुढच्या बॅटरलाही चार. एक वीत बाहेर, एक वीत बाहेर. हरलो. पुढचे दोन सामने तसेच. समोरच्या संघांना कळून चुकलं की सोनमकडून आता आत चेंडू येत नाही, त्या बॅट खांद्यावर ठेवून नुसत्या उभ्या राहायला लागल्या.

एप्रिलमध्ये लीगला सुट्टी लागली. सीनाच्या मॅनेजर राजेश्वरी मॅडम फार बोलत नाहीत. त्यांनी आत्याला सांगितलं, "मे महिन्यात पहिला सामना नीराशीच आहे. तू खेळशील. तुझा हात आत आला तर करार पुढे चालू. नाही आला तर मला दुसरी पिचर घ्यावी लागेल, सोनम. मला वाईट वाटेल, पण घेईन."

ती बॅग घेऊन घरी आली ती अशी आली की सावित्रम्मांनीसुद्धा चेष्टा केली नाही.

आमची परीक्षा संपली होती. रोज सकाळी सहाला, ऊन तापायच्या आत, आम्ही दोघी शाळेच्या मैदानावर. मी मुखवटा घालून बसायचे, ती टाकायची. बॅटरच्या जागी आम्ही एक बांबू रोवला होता, त्याला माझं जुनं दप्तर अडकवलेलं. दप्तराला लागलं तर कुणाचं काही जात नाही ना? तरी पण एक वीत बाहेर. मी ग्लोव्ह आत सरकवला, अजून आत सरकवला, दप्तराला टेकवला. चेंडू तिकडेच. पाचव्या दिवशी मी मुखवटा वर केला आणि म्हणाले, "आत्या, तुझा हात शेळ्या वळवतोय परत."

"मला कळत न्हाय व्हय?" ती एवढ्या जोरात ओरडली की झाडावरचे बगळे उडाले. मग तिथंच उंचवट्यावर मांडी घालून बसली. "ऋतू, मी डोळं झाकून ग्लोव्ह बघती. जाळी बघती. पण हात सुटायच्या टायमाला मला तिचं मनगट दिसतंय गं."

मी जाऊन बांबूवरचं दप्तर काढलं. 

त्या आठवड्यात आज्जांचा मुक्काम मोडनिंबजवळ होता. ऊस निघून गेलेल्या रानात मेंढरं बसवायला शेतकरी बोलावतात, खत होतं म्हणून. पप्पा म्हणाले, अप्पांना शेंगाचटणी आणि कडक भाकरी पोचवून या, तेवढाच बदल. आम्ही एसटीने गेलो. बांधावर आज्जा नव्या वहाणा काखेत धरून उभे. रानात घालून खराब होतात म्हणे.

आम्ही पोचून पंधरा मिनिटं झाली नसतील, एक कोकरू कळपातून फुटलं आणि हायवेच्या बाजूला धावत सुटलं. आज्जांनी सवयीने हाक दिली, "सोने, वळीव ते!"

आत्याने खडा उचलला, फेकला. तो कोकरापासून दोन हात लांब पडला. दुसरा तीन हात. कोकराला पत्ताच नाही. शेवटी आज्जांनीच खडा मारला, बरोब्बर नाकापुढे. कोकरू वळलं. आज्जा मात्र कोकराकडे बघत नव्हते. आत्याकडे बघत होते.

"कुनाला लागलं तुझ्या हातनं?"

पप्पांनी त्यांना फोनवर फक्त 'खेळात थोडी गडबड आहे' एवढंच सांगितलं होतं. आत्याने सगळं सांगितलं. हाड, मनगट, बाहेर जाणारे चेंडू, करार. आज्जा तंबाखू मळत ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"मंग उचललीस का तिला?"

"अप्पा, ती काय मेंढी हाय का?"

"हाड मोडलं न्हवं?"

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्यात रीत आहे. ज्याच्या दगडाने मेंढी लंगडी होते, त्यानेच ती उचलायची. ती स्वतःच्या पायांनी चालेपर्यंत खांद्यावर वागवायची, चारापाणी त्यानेच करायचं, दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर द्यायची नाही. आत्या नऊ वर्षांची असताना तिच्या खड्याने एक कोकरू लंगडलं होतं. तिने ते एकोणीस दिवस मानेवर घेऊन शाळेत नेलं, वर्गाच्या दारात बांधलं आणि परत आणलं. गुरुजी काही बोलले नाहीत, कारण तेही आमच्याच गावचे.

"मी तिला सॉरीचा मेसेज केलता," आत्या म्हणाली. "तिनं पन अंगठा पाठवला."

"फोनवर उचलती व्हय गं कुनी?" आज्जा म्हणाले. "हात तुझा शाना हाय. काम अर्धं राह्यलंय त्येला म्हाईत हाय, म्हनून त्यो बुजलाय. जा. उचल तिला. आन् ध्यानात ठिव, ती चालाय लागली की खाली ठेवायची. ठेवली की मागं वळून बघायचं न्हाय. मग ती सगळ्या मेंढरांसारखीच एक. तिच्याम्होरं दगड टाकायचा तर टाकायचा, भ्यायचं न्हाय."

आत्याने कळपात परतलेल्या कोकराच्या पाठीवरून हात फिरवला. मग मला म्हणाली, "श्रीपूरला गाडी कुटनं मिळती गं?"

मी तोवर फोनवर बघून ठेवलं होतं.

श्रीपूरच्या कारखान्याच्या वसाहतीत वैष्णवीचं घर सापडायला वेळ लागला नाही. पहिल्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "हाड मोडलेली वैष्णवी का? ती काय, पाण्याच्या टाकीमागं." दार तिनेच उघडलं. उजवा हात प्लास्टरमध्ये, केस अंबाड्यासारखे कसेतरी कोंबलेले.

"अगं बाई!" ती म्हणाली. "तोफ घरपोच आली की!"

 आत्या उंबऱ्याबाहेर उभी, पाच फूट नऊ इंच, पायपुसण्याकडे बघत. मग मीच एका दमात सांगून टाकलं. आज्जा, मेंढरं, रीत, एकोणीस दिवस, सगळं. "आणि म्हणून आत्या तुम्हाला उचलायला आलीय," मी शेवटी म्हणाले.

वैष्णवी आधी माझ्याकडे बघत राहिली, मग आत्याकडे. "माझं वजन सत्तावन्न किलो आहे."

"चालतंय," आत्या गंभीरपणे म्हणाली.

वैष्णवीला हसू आवरेना. हसता हसता ती दाराच्या चौकटीला टेकली आणि मग प्लास्टरचा हात पुढे करून म्हणाली, "खरं सांगू? मला कुणाची कीव नको आहे. आईसुद्धा येता-जाता 'बिचारी' म्हणते, डोकं फिरतं माझं. पण एक काम आहे. हा हात असा झाल्यापासून मला वेणी घालता येत नाही. आईची कामाची पाळी सकाळची. हे बघ काय झालंय डोक्याचं."

आत्या चपला काढून आत गेली, फणी मागितली आणि वैष्णवीच्या मागे बसली.

असं सुरू झालं. प्लास्टर निघायला अजून सोळा दिवस होते आणि सोळाही दिवस आत्या तिथे राहिली. सकाळी वेणी. मग मैदानावर जाताना वैष्णवीची किटबॅग आत्याच्या खांद्यावर. तिचं पळणं, पायांचे व्यायाम चालू होते, आत्या पाण्याची बाटली घेऊन बरोबर पळायची. वसाहतीतले लोक म्हणायचे, "ही कोण, नोकर ठेवलीस का?" वैष्णवी म्हणायची, "हिनेच मोडलाय हात. आता फेडतेय." मी चार दिवस राहिले. नंतर दहावीचे सुट्टीतले वर्ग सुरू झाले म्हणून पप्पांनी बोलावून घेतलं, पण फोन रोज होता. मी विचारायचे, "चेंडू टाकलास का?" ती म्हणायची, "न्हाय. आधी हे."

प्लास्टर निघालं त्या दिवशीचं मला वैष्णवीनेच फोनवर सांगितलं. दवाखान्यातून दोघी बाहेर आल्या. हात बारीक झालेला, पांढरा पडलेला. वैष्णवीने मूठ उघडली, मिटली, आणि म्हणाली, "आज्जांनी नेमकं काय सांगितलंय? उचल म्हणून ना? मग ते राहिलंच की." आत्याने इकडे-तिकडे बघितलं नाही. खाली बसली, वैष्णवीला पाठीवर घेतलं आणि कारखान्याच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेली. सायकलवरचे कामगार उतरून बघायला लागले. एका म्हाताऱ्याने विचारलं, "पाय मोडला काय पोरीचा?" वैष्णवी पाठीवरून ओरडली, "नाही काका, हात!"

टाकीपाशी आत्याने तिला खाली ठेवलं. वैष्णवी तिच्या पाठीकडे बघून म्हणाली, "सोनम, मे महिन्यात माझ्याकडे नीट टाकायचं. बाहेर बाहेर टाकलंस तर मी समजेन, तू अजून मला लंगडी धरतेस. आणि मी तुला झोडपेन, हे पण लक्षात ठेव."

आत्या "बरं" म्हणाली आणि चालू लागली. वळून बघितलं नाही.

सामना पुण्याला, मेच्या तिसऱ्या शनिवारी. पप्पांनी रजा काढली. आज्जा आले, नव्या वहाणा यावेळी पायात. पुण्याचं मैदान बघून म्हणाले, "एवढं हिरवं गवत आन् चरायला कुनीच न्हाय." मी माझा मुखवटा बरोबर नेला होता. कशाला, विचारू नका.

आत्याने खेळ चांगला सुरू केला. सहा डावांत नीराला एकच धाव, आपल्या दोन. पण मी कॅचर आहे, मला दिसत होतं. ती कडेकडेने टाकत होती, हुशारीने, वेग बदलून. खरोखर अंगालगतचा चेंडू एकही नव्हता. तिच्या चतुराईवर सामना चालला होता आणि राजेश्वरी मॅडम वही मांडीवर ठेवून हे सगळं बघत होत्या. वैष्णवी दोनदा बॅटिंगला आली होती आणि दोन्ही वेळा तिला फुकटात बेस मिळाला होता. दोन्ही वेळा ती पहिल्या बेसकडे पाय आपटत गेली.

सातवा डाव, म्हणजे शेवटचा. नीराच्या दोघी आउट, दोघी बेसवर, एक दुसऱ्या, एक तिसऱ्या. एक आउट मिळाला की आपण जिंकलो. आणि बॅट घेऊन कोण आली? सांगायला नकोच.

वैष्णवी चौकटीला चिकटून उभी राहिली, अगदी मार्चसारखी. मोडलेलं मनगट चौकटीच्या वर.

पहिला चेंडू. एक वीत बाहेर.

दुसरा. एक वीत बाहेर.

पप्पांनी डोळे मिटून घेतले. मला उठून ओरडायचं होतं, पण माझ्या आधी दुसऱ्याच कुणीतरी ओरडलं. वैष्णवीने हात वर करून पंचांकडून थांबायची परवानगी घेतली, चौकटीबाहेर आली आणि बॅट आत्याकडे रोखून खणखणीत आवाजात म्हणाली:

"ए सोनम! मी अजून तुझ्या खांद्यावरच आहे का?"

पंचांना काही कळलं नाही. दोन्ही संघांना काही कळलं नाही. आज्जांना कळलं. ते गुडघ्यावर हात ठेवून पुढे सरकले.

आत्या हसली. उंचवट्यावर, शेवटच्या डावात, नोकरी पणाला लागलेली असताना, दात दिसेपर्यंत हसली. टोपी काढली, परत घातली. आणि टाकला.

आत. वैष्णवीच्या छातीसमोरून, मनगटाच्या चार बोटं पलीकडून, ग्लोव्हमध्ये. फट्! स्ट्राइक. वैष्णवी हललीसुद्धा नाही, मागेही सरली नाही.

पुढचा परत आत. वैष्णवीने बॅट फिरवली, चेंडू काठाला लागून मागच्या जाळीवर. असा मागे गेला तरी स्ट्राइकच धरतात. स्ट्राइक दोन. मी मुखवटा घालून उभी होते, कधी घातला आठवत नाही, आणि आतून काय ओरडत होते तेही आठवत नाही. मागच्या काकूंनी माझा शर्ट ओढून मला खाली बसवलं, मी परत उठले.

पाचवा चेंडू. आत्याने बाहेर टाकला असता तर कदाचित वैष्णवी फसली असती. दोन आतले बघून ती आतल्यासाठी तयार होती, हे मलाही दिसत होतं तर आत्याला दिसत नसेल? पण तिने आतच टाकला. होता तेवढा सगळा जोर लावून. मी आजवर पाहिलेला तिचा सगळ्यात वेगवान चेंडू.

आणि वैष्णवीने तो मारला. बारीक झालेल्या त्याच मनगटाने. चेंडू तिसऱ्या बेसवरच्या मुलीच्या डोक्यावरून गेला आणि रेषेच्या आत पडला. नीराच्या दोघी पळत बॅटिंगच्या जागी पोचल्या, दोन धावा. तीन-दोन. संपलं.

आम्ही हरलो.

 पप्पांनी कुंपणाची जाळी धरली. मैदानावर नीराच्या पोरी उड्या मारत होत्या आणि सीनाच्या पोरी मान खाली घालून बाहेर येत होत्या. राजेश्वरी मॅडम उठल्या, वही मिटली, आत्याजवळ गेल्या. आम्ही कुंपणाला लागून उभे होतो म्हणून ऐकू आलं.

"शेवटचा आत का टाकलास? ती वाट बघत होती."

"म्हनूनच मॅडम," आत्या म्हणाली. घामाने ओली, श्वास लागलेला. "आतला टाकता येतो का न्हाय तेच बघायचं व्हतं न्हवं? सोपा आतला टाकून काय कळनार?"

मॅडमनी वही काखेत मारली. "पुढच्या शनिवारी मुळाशी सामना आहे. सुरुवात तूच करशील. आणि सोनम, दोन स्ट्राइक असताना पुन्हा असला शहाणपणा केलास तर मी स्वतः तुला मैदानाबाहेर उचलून नेईन."

"चालतंय," आत्या म्हणाली.

आज्जांनी कुंपणाच्या जाळीतून विचारलं, "लागला न्हाय न्हवं कुनाला?"

"न्हाय अप्पा."

"मंग झालं." त्यांनी वहाणा काढल्या, हिरव्या गवतावर पाय ठेवून बघितला आणि खूश झाले.

सामना संपल्यावर दोन्ही संघ रांगेने हात मिळवतात. आत्या आणि वैष्णवी समोरासमोर आल्या, बाकीच्यांसारखाच हात मिळवला, बाकीच्यांएवढाच वेळ, आणि आत्या पुढे निघाली. सरळ, पाठ ताठ. वळली नाही.

मी मात्र वळून बघितलं. मला कुठं ती रीत लागू आहे? वैष्णवी रांगेतून बाहेर येऊन आत्याच्या पाठीकडे बघत उभी होती. पळताना तिची वेणी सुटली होती. तिने रबर दातांत धरलं, केस पुढे घेतले आणि दोन्ही हातांनी स्वतःची वेणी घालायला लागली.